निफ्टी नावाची म्हैस

आकाराम वरुटे तेहेतीस वर्षं शहर बसमध्ये कंडक्टर होते आणि त्या तेहेतीस वर्षांत त्यांच्या हिशेबात एक रुपया कमी आला नाही. जास्त मात्र एकदा आला. सात रुपये. डेपोत त्यांनी तिकिटं तीनदा मोजली, थैली उलटी करून झटकली, तरी सात रुपये जास्तच. दोन दिवस त्यांना जेवण गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी आठवलं की रंकाळ्याला उतरलेल्या एका म्हातारीचे सुट्टे द्यायचे राहिले होते. पुढच्या आठवड्यात ती पुन्हा बसमध्ये दिसली तेव्हा त्यांनी तिच्या हातावर सात रुपये ठेवले. म्हातारी म्हणाली, "मला वाटलं तिकीट वाढलं."

असा हा माणूस. मूळचे गडमुडशिंगीचे, पण लग्नानंतर आमच्या मंगळवार पेठेत राहायला आले ते कायमचेच. पैशाच्या बाबतीत इतका सावध माणूस आमच्या गल्लीत दुसरा नव्हता, आणि त्याला कारणही होतं. वीसेक वर्षांपूर्वी गल्लीच्या तोंडाशी एक पतसंस्था निघाली होती. नवीन फर्निचर, गारगार पंखे, ठेव ठेवली की स्टीलचा डबा भेट. आकाराम यांनी बारा वर्षांची शिल्लक तिथं ठेवली. दीड वर्षात पतसंस्थेच्या दाराला कुलूप लागलं. त्यानंतर दर शनिवारी ड्युटी संपली की ते त्या कुलपासमोरच्या रांगेत जाऊन उभे राहत. नऊ वर्षांनी निम्मे पैसे आले, तेही तुकड्यातुकड्यानं. तेव्हापासून त्यांनी एकच नियम धरला होता. पैसा डोळ्यांना दिसला पाहिजे. जो दिसत नाही तो आपला नाही.

निवृत्तीचा निरोप समारंभ शनिवारी झाला आणि रविवारी सकाळी आठ वाजता पहिला पावणा दारात हजर. विम्याचा एजंट. त्याचा चहा होईपर्यंत दुसरा आला, लांबचा मेव्हणा, हायवेला लागून असलेल्या प्लॉटचा नकाशा घेऊन. मग तिसरा, मग चौथा. निवृत्तीचे पैसे किती आले हे आकाराम यांनी बायकोलाही अजून नीट सांगितलं नव्हतं, पण गल्लीला सगळं माहीत होतं. बाळाबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, त्या आठवड्यात दोन किलो साखर चहात घातली.

एक गोरा, टाय लावलेला तरुण आला. म्हणाला, "काका, दरमहा आठ टक्के. घरबसल्या."

"पैसा दिसंल काय?" आकाराम यांनी विचारलं.

"दिसेल की. ॲपमध्ये रोज दिसेल."

"त्ये माझं पैसं असत्याल का तुमचं आकडं?"

तरुण हसला, चहा प्यायला, आणि पुढच्या घरी गेला. पुढं तीन महिन्यांनी त्याचं ॲप बंद पडलं आणि पेठेतले चारजण त्याला शोधत फिरत होते, पण ती वेगळी गोष्ट.

सल्ला द्यायला न बोलावता रोज येणारा माणूस एकच होता. दिलदार मणेर. बावीस वर्षं आकाराम कंडक्टर आणि दिलदारभाई त्यांचे ड्रायव्हर. दिलदारभाई वर्षभर आधी निवृत्त झाले होते. पैशाच्या बाबतीत हा माणूस आकाराम यांच्या बरोबर उलटा. एमू पक्ष्यांची टूम निघाली तेव्हा त्यांनी सहा एमू पाळले होते. अंडी विकत घेणारी कंपनी गायब झाली, एमू राहिले. शेवटी एके दिवशी कुंपण मोडून ते सहाच्या सहा उसात शिरले आणि दिलदारभाई त्यांच्या मागं. ही गोष्ट ते इतक्या आनंदानं सांगत की ऐकणाऱ्याला वाटावं, नफाच झाला असणार. "ताशी चाळीसनं पळत हुतं बग," ते म्हणत. "आपल्या बसपेक्षा फास्ट."

घरात खरा हिशेब कळणारी एक व्यक्ती होती, ती म्हणजे मुलगी क्रांती. वय सत्तावीस, शाहूपुरीत एका गुंतवणूक सल्लागाराच्या ऑफिसात नोकरी. लोकांची म्युच्युअल फंडाची कामं तीच बघायची. पावण्यांचा आठवडा संपल्यावर तिनं आईवडिलांना समोर बसवलं आणि कागदावर तीन रेघा मारल्या.

"आबा, मोठा भाग पोस्टात आणि बँकेत. त्याला कुणी हात लावायचा नाही. त्याच्या व्याजावर घर चालंल. थोडे आजारपणासाठी बाजूला. राहिले साडेचार लाख. महागाई बघितलीसा काय? हे साडेचार लाख तरी वाढले पाहिजेत. मी म्हणते, फंडात टाकू."

"शेअर बाजार?"

"थेट नाही. फंड. निफ्टीचा."

"दिसत न्हाई त्ये," आकाराम म्हणाले. मग असं काही बोलले की दोघी बघतच राहिल्या. "मी म्हस घेणार."

लहानपणी गडमुडशिंगीच्या गोठ्यात चार म्हशी होत्या. नोकरी लागली, आईवडील गेले, म्हशी गेल्या. धाकटा भाऊ सयाजी तिथं राहतो, पण तो एमआयडीसीत कामाला, गोठा रिकामाच. तेहेतीस वर्षं बसच्या मागच्या दारात उभं राहून आकाराम यांच्या मनात काय चाललं होतं हे त्या दिवशी पहिल्यांदा बाहेर पडलं. म्हस दिसते. म्हस दूध देते. दुधाचे पैसे दहा दिवसांनी हातात येतात. म्हस रात्रीत कुलूप लावून पळून जात नाही.

"आबा, म्हैस ही गुंतवणूक नाही. तो खर्च आहे," क्रांती म्हणाली.

"आन् तुझा फंड काय शेण तरी देतोय काय?"

हा वाद तीन दिवस चालला. तिसऱ्या दिवशी बाळाबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या, "तीन वाटं करा. एक तुमचा, एक तिचा, एक माझा. ज्यानं त्यानं आपलं बघावं. पुढच्या दिवाळीच्या पाडव्याला बघू कुणाचं काय झालंय."

"तू काय करणार?" आकाराम यांनी विचारलं.

"मी चांदी घेतो," बाळाबाई म्हणाल्या. आमच्याकडच्या बायका असंच बोलतात, घेतो, जातो, येतो. "सोनं घेतलं की सगळ्या पावण्यांच्या लग्नात त्ये मागाय येत्यात. चांदीकडं कोण बगत न्हाई."

दुसऱ्या दिवशी त्या एकट्या सराफांच्या गुजरीत गेल्या, दीड किलो चांदी घेऊन आल्या आणि ती स्वयंपाकघरात कुठंतरी ठेवून दिली. कुठं ते आजतागायत कुणाला माहीत नाही. त्यांचा विषय तिथंच संपला. गोंधळ घातला तो बाकीच्या दोघांनी.

क्रांतीनं आपला वाटा पाच मिनिटांत फोनवरून फंडात टाकला. आकाराम यांना म्हस शोधायला अठरा दिवस लागले. दिलदारभाई सोबत होतेच. बाजारात हरियाणाच्या म्हशींचा ट्रक आला की दोघं मोपेडवरून हजर. शेवटी एक पसंत पडली. काळी कुळकुळीत, शिंगं जिलबीसारखी वळलेली, पायाशी महिन्याचं रेडकू. व्यापाऱ्यानं समोर धार काढून दाखवली. बादली फेसानं भरली. आकाराम यांचा हात आपोआप म्हशीच्या पाठीवर गेला आणि व्यापाऱ्यानं तो बघितला. तिथंच भाव चढला.

सौदा रुमालाखाली व्हायचा होता. व्यापारी आणि गिऱ्हाईक रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबतात, बाहेरच्याला भाव कळत नाही. आकाराम यांचा हात अजून म्हशीच्या पाठीवरच होता म्हणून दिलदारभाई पुढं झाले. मोठ्या रुबाबात त्यांनी रुमाल टाकला, बोटं दाबली, व्यापाऱ्यानं लगेच मान डोलावली. इतक्या लगेच की आकाराम यांना शंका आली.

"कितीला झाली?"

"एक बेचाळीस."

"आपलं तर एक लाख सदतीस ठरलं हुतं की."

दिलदारभाई आपल्या हाताकडं बघत राहिले. "एक बोट जादा दाबलं असंल," ते म्हणाले. "ड्रायव्हरचा हात हाय. हॉर्न दाबायची सवय."

म्हशीचं नाव ठेवलं क्रांतीनं, वडिलांना चिडवायला. ती म्हणाली, "माझी निफ्टी फोनमध्ये, तुमची गोठ्यात." आकाराम चिडले नाहीत. उलट त्यांना नाव आवडलं. चार दिवसांत म्हस त्या नावाला कान हलवायला लागली.

इथून पुढं पेठेचं डोकं फिरलं. आमच्या तालमीबाहेर एक फळा आहे. त्याच्यावर एरवी फुटबॉलच्या मॅचचे निकाल आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा लिहितात. दिलदारभाईंनी त्या फळ्याचा एक कोपरा मागून घेतला आणि खडूनं लिहिलं, 'म्हस, मार्केट, चांदी.' दर महिन्याच्या एक तारखेला खाली आकडे पडायचे. पंच दिलदारभाई स्वतः. पहिल्या महिन्यात म्हस पुढं होती. निफ्टी दिवसाला बारा लिटरच्या खाली येत नव्हती. आकाराम पहाटे मोपेडवर पेंडीचं पोतं बांधून गडमुडशिंगीला जात, धार काढत, निम्मं दूध तिथल्या डेअरीत घालत आणि निम्मं कॅनमधून पेठेत आणत. त्यांचं पोट कमी झालं, चालण्यात तरुणपणाची ढब आली, आणि निवृत्तीनंतर माणूस खंगतो म्हणणाऱ्यांची तोंडं बंद झाली. पेठेत दोन गट पडले. मार्केटवाली पोरं म्हशीवाल्या म्हाताऱ्यांना टोमणे मारत, म्हातारे त्यांना विचारत, "तुमचा फंड सकाळी कितीला धार देतोय रे?" चांदीच्या आकड्याकडं फारसं कुणी बघत नव्हतं.

जानेवारीतल्या एका सकाळी क्रांती ऑफिसात होती. समोर एक निवृत्त शिक्षक बसले होते. बाजार वरखाली होत असल्यानं घाबरलेले. ती त्यांना समजावत होती की काका, रोज आकडा बघायचा नाही, लांबचा विचार करायचा. तेवढ्यात फोन वाजला. दोन्ही हातांत फॉर्म होते, म्हणून तिनं तो स्पीकरवर टाकला.

"क्रांते," आकाराम यांचा आवाज घुमला, "निफ्टी पडली."

शिक्षक खुर्चीत सरळ बसले. क्रांतीनं घाईनं संगणकाकडं बघितलं. "किती पडली?"

"कंबरंएवढी."

"आबा, मी बघायला लागलीय. निफ्टी वर आहे."

"कुटं वर? पाय वर हाईत निस्तं. बाकी समदी खाली."

शिक्षक उठून उभे राहिले. "माझे काढा," ते म्हणाले. "सगळे काढा. आत्ताच्या आत्ता."

त्यांना म्हस ही भानगड समजावून सांगायला क्रांतीला वीस मिनिटं लागली. समजल्यावर ते इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं, आणि पैसे न काढता घरी गेले. क्रांती मात्र अर्धी रजा टाकून गडमुडशिंगीला पळाली.

निफ्टी पाटाच्या कडेला चरताना घसरून खालच्या चरात आडवी झाली होती. चिखलात रुतलेली, मान वर, डोळे शांत. काठावर अर्धा गाव. आकाराम चरात उतरून तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते, कपडे चिखलानं भरलेले, आणि तिच्याशी बोलत होते. सयाजीनं ट्रॅक्टर आणला, तालमीतली सहा पैलवान पोरं आली, पोटाखालून पोती सरकवली, दोर बांधले. दिलदारभाई काठावर उभे राहून बस मागं घेतल्यासारखे हात करत होते. "येऊ द्या, येऊ द्या. डावं दाबा. आता सरळ. हां, अजून येऊ द्या." सव्वा तासानं म्हस बाहेर आली, उभी राहिली, अंग झटकलं आणि काठावरच्या पहिल्या रांगेतल्या सगळ्यांना चिखलानं माखून टाकलं. क्रांती त्या पहिल्या रांगेत होती. ऑफिसचा पांढरा ड्रेस, केसांपासून चपलांपर्यंत चिखल, आणि ती हसत सुटली होती. आकाराम सांगतात की त्यांनी तिला इतकं हसताना शाळेनंतर पहिल्यांदा बघितलं.

पण त्यानंतर महिन्याभरात तिची निफ्टी खरंच पडायला लागली. फेब्रुवारी गेला, मार्च गेला, बाजार खालीच. मग अमेरिकेनं कर वाढवल्याच्या बातम्या आल्या आणि एका सोमवारी तर सगळंच कोसळल्यासारखं झालं. फळ्यावर मार्केटच्या खाली लाल खडू आला. क्रांतीला स्वतःच्या वाट्याचं दुःख नव्हतं, पण ऑफिसात दिवसभर लोकांचे फोन. कुणी रडवेलं, कुणी ओरडणारं. ती घरी यायची, ताटावर बसायची आणि भाकरीचा तुकडा मोडून तसाच ठेवायची.

तिसऱ्या दिवशी आकाराम तिच्याजवळ येऊन बसले.

"किती गेलं?"

"आपले? बारा हजार. कागदावर."

"कागदावर म्हंजे?"

"विकलं तर गेले. नाही विकलं तर अजून आहेत."

आकाराम म्हणजे पतसंस्थेच्या दारातल्या नऊ वर्षांच्या रांगेचा माणूस. ते 'काढून घे' म्हणणार याची तिला खात्री होती, आणि त्या दिवशी तिच्यात भांडायचं बळ नव्हतं.

"ज्या कंपन्यांत तू पैसं घातलंयस," ते म्हणाले, "त्या चालू हाईत?"

"चालू आहेत."

"माल खपतोय?"

"खपतोय."

"कुणी कुलूप लावलंय?"

"नाही आबा."

"मग म्हस आटली म्हणून कुणी लगेच विकतं व्हय? गाभण असती ती. चारा घालायचा आन् गप बसायचं."

क्रांतीनं मान वर केली. ऑफिसात मोठ्या साहेबांनी हीच गोष्ट अर्धा तास तक्ते दाखवून सांगितली होती. तिनं भाकरी खाल्ली. दुसऱ्या दिवशी तिनं हे वाक्य सात गिऱ्हाइकांना ऐकवलं आणि त्यातल्या पाच जणांनी पैसे ठेवले. उरलेले दोघं शहरात वाढलेले, ते गाभण शब्दालाच अडखळले.

त्यानंतर ती सकाळी वडिलांबरोबर गोठ्यात जायला लागली. आधी नुसती बसायची, मग शेण काढायला लागली, मग एक दिवस धार काढायला बसली. निफ्टीनं तिला पहिल्या प्रयत्नात अर्धा लिटर दिलं आणि शेपटीचा एक फटका. आणि तिकडं आकाराम यांनी फोनवर बाजाराचा आकडा बघायला शिकून घेतला. आधी आठवड्यातून एकदा, मग रोज. मे महिन्यात बाजार सावरला तेव्हा ते गोठ्यातून तिला फोन करून सांगत, "आज दीडशेनं वर हाय बग." क्रांती म्हणायची, "आबा, रोज बघायचं नसतं." ते म्हणायचे, "तू रोज म्हस बगाय येतीस न्हवं?"

उन्हाळ्यातच निफ्टी खरोखर गाभण असल्याचं डॉक्टरांनी सांगितलं, आणि दसऱ्यापर्यंत तिचं दूध आटलं. फळ्यावर म्हशीचा आकडा थांबला. मार्केटवाल्या पोरांना जोर चढला. चांदीच्या रकान्यात मात्र दर महिन्याला दिलदारभाई डोळे चोळून चोळून आकडा लिहीत होते. एकदा तर लिहिलेला पुसून त्यांनी गुजरीत फोन करून खात्री केली.

पाडव्याच्या दिवशी आमच्याकडं म्हशी सजवून मिरवतात. शिंगं रंगवलेली, पायांत घुंगरू, अंगावर कातरलेली नक्षी, आणि मालकाच्या मोटरसायकलमागं म्हशी पळतात. आकाराम यांनी निफ्टीला पळवलं नाही, दिवस भरत आले होते. नुसतं चालवत आणलं. शिंगांना निळा रंग, गळ्यात कवड्यांची माळ. पोटुशी म्हस अशी काही ऐटीत चालली होती की हलगीवाले तिच्यापुढं मागं मागं सरत वाजवत होते. आकाराम फेटा बांधून पुढं, क्रांती शेजारी, दिलदारभाई मागून गर्दी बाजूला करत. तेवढ्यात एक मोठा व्यापारी आडवा आला.

"पावणं, दोन दहा देतो. आत्ता. रोख."

आकाराम यांच्या डोळ्यांसमोर तो आकडा उभा राहिला. फळ्यावर तो लिहिला असता तर म्हस कुठं गेली असती हे त्यांना कळत होतं. त्यांनी क्रांतीकडं बघितलं. म्हस म्हणजे खर्च म्हणणारी तीच.

"विकायची नाही," क्रांती म्हणाली.

"अगं, नफा हाय."

"असू दे. विकायची नाही म्हणजे नाही."

संध्याकाळी तालमीसमोर खुर्च्या टाकून निकाल लागला. मार्केटचं सोपं होतं. सगळी पडझड भरून निघून दीड लाखाचे एक लाख साठ हजार झाले होते. म्हशीचा हिशेब मात्र पेटला. दूध वजा चारा, वजा पेंड, वजा डॉक्टर, वजा ट्रॅक्टर. शिल्लक साठ हजारांच्या आसपास, शिवाय म्हस जाग्यावर. म्हातारे शिट्ट्या मारायला लागले. मग क्रांती उभी राहिली.

"मजुरी धरली नाहीसा. आबांचे रोजचे पाच तास. दिवसाला तीनशे धरा."

दिलदारभाईंनी गुणाकार केला आणि म्हस एकदम तोट्यात गेली. पोरांनी आरोळी ठोकली.

"माझी कसली मजुरी?" आकाराम म्हणाले. "मी घरात बसलो असतो तर साखर, बीपी, गुडघं. त्येचं औषध वजा कर की आधी."

यावर पाऊण तास वाद झाला. डॉक्टरकडं काम करणाऱ्या एका पोराला बोलावून बीपीच्या गोळ्यांचे दर विचारण्यात आले. शेणाचे वेगळे, रेडकाचे वेगळे. रेडकू वाढून छान पारडी झाली होती, तिची किंमत कुणी धरली, कुणी धरली नाही. या सगळ्यात बाळाबाई मागं बायकांत फराळाचं ताट घेऊन बसल्या होत्या. शेवटी दिलदारभाईंनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

"भांडू नगासा. म्हस असू दे न्हाईतर मार्केट असू दे. वैनींची दीड लाखाची चांदी अडीच लाखाला टेकलीया."

मग जो दंगा झाला तो अर्ध्या पेठेनं ऐकला. पोरांनी बाळाबाईंना खुर्चीसकट उचललं. त्या खुर्चीचे हात घट्ट धरून ओरडत होत्या की चकल्या सांडल्या, खाली ठेवा. कुणीतरी गुलाल उधळला. आकाराम यांनी फेटा काढून बायकोच्या डोक्यावर ठेवला, तो तिच्या नाकापर्यंत आला, आणि ती त्या फेट्याच्या आतून हसत होती हे खांद्यांवरून कळत होतं.

दुसऱ्या दिवसापासून गल्लीतल्या बायका गुजरीकडं धावायला लागल्या. कुणी मोडक्या अंगठ्या घेऊन, कुणी ठेव मोडून. बाळाबाई दारात उभ्या राहून एकेकीला अडवत होत्या. "आता नगा घिऊ. मी घेतली तवा कुत्रं इचारत न्हवतं." कुणी ऐकलं नाही. मग त्यांनी स्वतः उलटा रस्ता धरला. निम्मी चांदी पिशवीत घालून त्या क्रांतीबरोबर गुजरीत गेल्या. सराफ म्हणाला, "काकू, थांबा की. अजून वाढणार."

"वाढू दे की," बाळाबाई म्हणाल्या. "वाढलेली तुमी खावा."

त्यानंतर आठ दिवसांत भाव खाली आला. घेतलेल्या बायकांनी डोक्याला हात लावले आणि बाळाबाईंना दिव्यदृष्टी आहे अशी बातमी पार राजारामपुरीपर्यंत गेली. शेजारच्या गल्लीतली एक बाई तर कुंडली घेऊन आली. बाळाबाईंनी तिला चहा दिला आणि खरं ते सांगितलं. "मला भावातलं काय कळत न्हाई. मला इलेक्ट्रिकची स्कुटी घ्यायची हुती, तेवढं पैसं झालं म्हणून इकली."

हे ऐकून आकाराम यांचा घास हातात राहिला. छप्पन वर्षांच्या बाईला सायकलसुद्धा येत नव्हती.

पण निफ्टी व्याली त्या आठवड्यातच गाडी दारात आली. पिवळी. निफ्टीला रेडी झाली होती, तिचं नाव सेन्सेक्स ठेवायचं म्हणून तालमीतली पोरं हटून बसली. "जनावराला जनावराचं नाव असूद्यात," म्हणून बाळाबाईंनी तिला चिंगी केलं आणि पुन्हा गाडीकडं वळल्या. गांधी मैदानावर रोज संध्याकाळी शिकवणी सुरू झाली. क्रांती मागून धरून पळायची. तिसऱ्या दिवशी तिनं न सांगता हात सोडला. बाळाबाई पन्नास फूट सरळ गेल्या, मग क्रिकेट खेळणाऱ्या पोरांच्या मधून, मग स्टंपांवरून, आणि पलीकडच्या भिंतीपाशी जाऊन अगदी अलगद थांबल्या. मागं वळून त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "ह्येला रिव्हर्स हाय काय?"

आता पोस्टातले आणि बँकेतले पैसे आहेत तिथंच आहेत, त्यांना कुणी हात लावलेला नाही. उरलेली चांदीही घरात कुठंतरी आहे. क्रांतीच्या फंडात आकाराम आता दर महिन्याला दुधाच्या पैशांतून दोन हजार घालतात. आणि सकाळी सहाला आमच्या गल्लीतून पिवळी गाडी निघते. पुढं बाळाबाई, पदर खोचलेला, डोक्यावर हेल्मेट. मागं आकाराम, दोन्ही हातांत रिकामे कॅन, कशालाच धरायला जागा नाही. गतिरोधक आला की दोघंही सीटवरून उडतात.

"हळू की गं," आकाराम म्हणतात.

त्या ऐकत नाहीत. वळणावर हॉर्न वाजवतात, तो बराच वेळ वाजतच राहतो, आणि गाडी गडमुडशिंगीच्या रस्त्याला लागते.